लहान बाळाच्या हार्ट ऑपरेशनमध्ये मशीनवर रक्त गाळतात ते कशासाठी? बाळाची किडनी खराब आहे असा त्याचा अर्थ होतो का?

नाही. किडनी ठणठणीत असलेल्या बाळांचंही रक्त गाळतात. काढायचं असतं ते मुख्यतः पाणी, आणि तेही बऱ्याच अंशी आम्हीच घातलेलं.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळणारा. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात. तुम्ही लिहिलंय की भाची सहा महिन्यांची आहे, वजन पाच किलो, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे, आणि 'मशीनवर असताना रक्त फिल्टर करू' हे डॉक्टरांचं वाक्य ऐकल्यापासून निपाणीला घरच्यांनी धसका घेतलाय. ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, हा प्रश्न नेहमी येतो. "गाळतात करून सांगितलं, रक्त नासलंय काय ओ लेकराचं?" असं एका आजोबांनी विचारलं होतं. रक्त नासलेलं नसतं. सगळा खेळ मापाचा आहे.

पाच किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ४०० मिली रक्त असतं. किलोमागे ८० मिली धरा. हृदय थांबवून छिद्र बुजवायचं, तर तेवढा वेळ रक्त बाहेर घेऊन, त्यात ऑक्सिजन मिसळून परत अंगात सोडावं लागतं. मशीनच्या नळ्या, टाकी, ऑक्सिजनेटर हे सगळं आधीच द्रवाने भरून ठेवावं लागतं, नाहीतर बाळाच्या रक्तात हवा जाईल. या भरण्याला प्राइम म्हणतात. मोठ्या माणसाला लिटर-सव्वा लिटर प्राइम लागतो, पण त्याच्या अंगात पाच लिटर रक्त असतं, त्यात ते खपून जातं. बाळासाठी नळ्या कितीही बारीक आणि आखूड घेतल्या तरी काहीशे मिली लागतातच. समजा ३५० लागले. भाचीच्या रक्तात लाल पेशींचा वाटा ३६ टक्के आहे आणि आम्ही नुसतं सलाइनसारखं पाणी भरलं, तर मशीन सुरू होताच तो १९ टक्क्यांवर येईल. एवढ्या पातळ रक्तावर मेंदूला ऑक्सिजन कमी पडायची भीती असते, म्हणून प्राइममध्ये ब्लड बँकेतलं रक्त घालतात. तुम्हाला रक्तदाते आणायला सांगितलं असेल ते त्यासाठी. तुमचं रक्त बँकेत जमा होतं आणि बाळाला दुसऱ्या कुणाचं तरी मिळतं. बाप हट्ट धरतो, 'माझंच द्या'. पण जवळच्या नात्यातलं रक्त रेडिएशन न देता बाळाला चढवणं धोक्याचं असतं, म्हणून तसं करत नाहीत.

पाणी एवढ्यावर थांबत नाही. हृदय थांबवायला दिलेलं औषधाचं द्रव, सर्जन छातीत ओततो ते गार पाणी, यातलं बरंचसं फिरून मशीनमध्येच येतं. शिवाय प्लास्टिकला घासून फिरलेल्या रक्तात दाह सुरू होतो आणि बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. मग ते पाणी फुप्फुसांत, हृदयाच्या स्नायूत, पापण्यांत उतरतं.

त्यावर उपाय म्हणजे हा फिल्टर, हिमोफिल्टर. वीतभर लांबीची पारदर्शक नळी, आत हजारो पोकळ धागे. धाग्यांच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की पाणी, क्षार, युरिया, दाह वाढवणारे काही छोटे रेणू बाहेर पडतात, आणि लाल पेशी व अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आतच राहतात. आमटीत पाणी जास्त पडलं की आपण ती आटवतो, तसंच हे. फक्त चुलीच्या जागी दाब. डायलिसिसमध्ये पडद्याच्या पलीकडून वेगळं द्रव फिरवतात, इथे तसं काही नसतं. बाजूच्या तोंडाला लावलेल्या मापाच्या बाटलीत फिकट पिवळं पाणी साठत जातं. माझी नजर आकड्याइतकीच त्याच्या रंगावर असते. त्यात गुलाबी झाक आली, तर कुठेतरी लाल पेशी फुटताहेत असं समजून पंप, सक्शन सगळं तपासायचं.

गाळण्याची वेळ दोनदा येते. एकदा मशीन चालू असताना. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये ती मांडली. काम संपलं, हृदय स्वतः धडधडायला लागलं, मशीनचा आधार काढला, पण नळ्या अजून जागेवरच आहेत. अशा वेळी महाधमनीतून हळूहळू रक्त घेऊन, फिल्टरमधून नेऊन, कोमट ठेवून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात परत सोडायचं. दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक वेळा मॉनिटरवर बीपी चढताना दिसतो. घाई मात्र चालत नाही. जोरात ओढलं तर बीपी कोसळतो, मेंदूच्या वाट्याचं रक्त आपण चोरतो. हवा शिरायचीही भीती असते. त्यामुळे ही मिनिटं ओटीत कुणी गप्पा मारत नाही.

याचा फायदा किती? लाल पेशींचा वाटा वाढतो, सुरुवातीचे काही तास बीपी बरा राहतो, यावर फारसं दुमत नाही. व्हेंटिलेटरचे दिवस किंवा आयसीयूतला मुक्काम कमी होतो का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. आता नळ्या इतक्या छोट्या झाल्यात की काही ठिकाणी ही दुसरी फेरी करतच नाहीत. म्हणून एवढ्या एका गोष्टीवरून बेळगाव सोडून बंगळूरु गाठावं की पुणे, हे ठरवू नका. त्याऐवजी तिथे वर्षाला एवढ्या वजनाच्या किती बाळांची ऑपरेशनं होतात ते विचारा.

ऑपरेशननंतर भाचीचा चेहरा सुजलेला दिसला तर घाबरू नका. गाळूनही थोडं पाणी राहतंच, ते लघवीवाटे पुढच्या काही दिवसांत जातं, त्यासाठी औषधही देतात. काही हॉस्पिटलांत फार लहान बाळांच्या पोटात पाणी काढायची बारीक नळी आधीच बसवून ठेवतात. ती दिसली की नातेवाईक लगेच 'किडनी गेली' म्हणतात. पहिल्या दिवशी आयसीयूच्या डॉक्टरांना 'तासाला लघवी किती होतेय?' एवढं विचारा. किलोमागे तासाला एक मिलीच्या पुढे असेल, म्हणजे भाचीला पाच मिलीच्या वर, तर किडनी आपलं काम करतेय असं समजायला हरकत नाही.

आणि संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्याआधी मराठीत सांगा असं बिनधास्त म्हणा. बेळगावात समजावून सांगणारं कुणी ना कुणी मिळतंच. भाचीला आत्ता सर्दी-ताप असेल तर तेही लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल.