जुन्या मियाटाला १७ इंची अलॉय? नका घालू, १५ वर थांबा

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत १९९१ ची मियाटा (माझदाची दोन सीटची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार) घेतलीये, मूळचे १४ इंची काढून १७ इंची अलॉय घालायचेत, कुठले घेऊ. माझं स्पष्ट मत सांगतो, १७ इंची घालूच नका, फोटोत कितीही भारी दिसले तरी. गाडी हजार किलोच्या आतली, इंजिन १.६ लिटरचं, सगळी मजा तिच्या हलकेपणात आहे. मूळचं सात आऱ्यांचं चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं आणि स्वस्तातलं १७ इंची त्याच्या दीडपट-दुप्पट सहज जातं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे सस्पेन्शनने न पेललेलं, असल्याने खड्ड्यात गाडी आदळते, स्टिअरिंगची ती जिवंत जाणीव जाते, पिकअपही मार खातो.

दुसरं म्हणजे टायरची एकूण उंची. मूळचा १८५/६०आर१४ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच) हा सुमारे ५७८ मिमी. १९५/५०आर१५ घातला तर ५७६, म्हणजे जवळपास तेवढाच, स्पीडोमीटर आणि गिअरिंग जिथल्या तिथे. २१५/४०आर१७ मात्र ६०४ मिमीवर जातो, स्पीडोमीटर चार टक्क्यांहून जास्त कमी दाखवणार आणि हायवेवर तिकीट तुम्हाला! शिवाय १४ इंचीत चांगले टायर आता फारसे मिळत नाहीत, १५ मध्ये निवडायला भरपूर आहेत.

आता मापं. चार बोल्ट, पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) १००, सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) ५४.१, मूळचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेरच्या अंगाला आहे ते) ४५, सगळं मिमीत. १५x७ ला (१५ इंची, सात इंच रुंद) ऑफसेट ३५ च्या आसपासचा बघा, व्यवस्थित बसतो. ऑफसेट शून्य वगैरे घेतलात की चाक फेंडरबाहेर येतं, बेअरिंगवर ताण आणि स्टिअरिंग रस्त्याच्या प्रत्येक चरीत ओढतं. बाजारातल्या रिमचा बोअर बहुतेक वेळा मोठा असतो तेव्हा हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मापाची रिंग घालाच.

सेकंडहँड घेणार असाल तर (मी तेच सुचवेन, जपानी बनावटीचे हलके रिम असे बरेच मिळतात) टायर काढलेला रिम बघायला मागा. पुढून चकाचक असतो, खरी गोष्ट मागच्या बाजूला. आतल्या कडेवरून बोट फिरवा, वाकलेला असेल तर लगेच कळतं, आरे जिथे रिमला मिळतात तिथे टॉर्च तिरका धरून केसासारखी चीर बघा, वेल्डिंगची शिवण दिसली तर सरळ नाही म्हणा. मागे जेडब्ल्यूएलची (अलॉय रिमच्या जपानी मानकाची) खूण असावी, आणि ती नसलेले कॉपी रिम कितीही स्वस्त असले तरी मी घेत नाही.

मूळची चाकं विकू नका हो, प्लीज. सात आऱ्यांचं ते डिझाइन जुन्या मिनिलाइट या ब्रिटिश रेसिंग चाकांच्या वळणाचं आहे, गाडीला शोभतं, आणि पुढे मूळ स्वरूपातली गाडी शोधणारा गिऱ्हाईक आधी तेच विचारेल.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा बसवताना हबचा तोंडाचा भाग ब्रशने घासून अगदी पातळ अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारं ग्रीससारखं मलम) लावा, पण बोल्टच्या आट्यांना नको. नट एम१२x१.५, बसायची जागा शंकूची, पाना टॉर्कचाच (किती जोर लागला ते मोजणारा) वापरा आणि शंभर किमीनंतर परत एकदा तपासा. रिम पसंत पडला की मागचे आकडे इथे टाका, बसेल का ते सांगतो.