ट्रॅक्टर कोणाचा?

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यात एकत्र कुटुंबात राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा, तर जाऊबाईंची मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. खेळणी पुष्कळ असूनही दोघांना तोच लाकडी ट्रॅक्टर हवा असतो. ओढाओढी होते, मुलगा चावतोही. सासूबाई पुतणीला म्हणतात, "तू मोठी ना, देऊन टाक." माझा मुलगा आपमतलबी होईल का?

उत्तर : ही भीती प्रथम मनातून काढून टाका. अडीच वर्षांच्या मुलाला 'हाई मनं शे' (हे माझे आहे) हे नुकतेच उमगलेले असते, आणि 'माझे' कळल्याशिवाय 'तुझे' कळत नाही. मागणे शब्दांत मांडण्याइतकी भाषा नसते, म्हणून हात आणि दात पुढे येतात. चावल्यास त्याला लगेच थांबवा, पण आधी पुतणीला जवळ घ्या.

मला अधिक काळजी वाटते ती तिचीच. जो मोठ्याने रडतो त्याला मिळते आणि जी समजूतदार तिने सोडायचे, हा धडा मुलींना आपल्याकडे फार लवकर दिला जातो. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील न्याय आणि समानता हे शब्द ती पुढे शाळेत वाचेल. त्यांचा अनुभव मात्र तिला आत्ता, तुमच्या ओट्यावर मिळायला हवा. म्हणून घरात एकच नियम ठेवा : ज्याच्या हातात वस्तू आहे त्याचा खेळ होऊ द्यायचा, दुसऱ्याने मागायचे, हिसकावायचे नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू असावा, कारण मुलाच्या हातातून न विचारता वस्तू काढून घेणारे आपणच असतो.

भांडण पेटले की खाली बसा, ट्रॅक्टरवर हात ठेवा आणि शांतपणे म्हणा, "तुला हवा आहे, तिलाही हवा आहे. अंगणात तिच्या दोन फेऱ्या झाल्या की तुझी पाळी." पाच मिनिटे म्हणजे किती हे या वयात कळत नाही, फेऱ्या मात्र डोळ्यांना दिसतात. दुसरी फेरी संपताच पाळी खरोखर बदलली पाहिजे. एकदा शब्द मोडला, तर पुढच्या वेळी मूल थांबणार नाही.

सगळेच वाटून घेण्याची सक्ती नको. पोळ्याला घेतलेला मातीचा बैल ज्याचा त्याच्याकडेच राहू द्या. सासूबाईंना विरोध करण्यापेक्षा फेऱ्या मोजण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आजीने मोजलेल्या फेऱ्या दोन्ही नातवंडे बिनतक्रार मानतील, असे मला वाटते.