पहिली पोनी चिकट झाली, दुसरीचे डोळे सुजले, तिसरी टकली राहिली

प्रश्न: लहानपणी मावशीने अमेरिकेहून पाठवलेली एक माय लिटल पोनी (केस विंचरता येणारी खेळण्यातली घोडी) आणि भाचीच्या दोन नव्या पोनी माझ्याकडे आहेत. केस बदलून, रंगवून त्या कस्टम करायच्या आहेत. नवखी माणसं कोणत्या चुका करतात?

उत्तर:

मावशीच्या पोनीला हात लावू नका. हे आधी सांगून टाकते, कारण उत्तर वाचायच्या आधीच तुम्ही कात्री घेऊन बसला असाल तर पंचाईत. तिच्याकडे शेवटी येऊ.

मी इंदूरची, रामबागेत राहते. चित्रकला शिकलेली नाही. हात बसलाय तो दिवाळीच्या रांगोळीवर आणि हलव्याच्या दागिन्यांवर. मुलगी आठवीत गेली आणि तिने पोनींनी भरलेला बुटांचा खोका माझ्या हवाली केला, तिथून हे वेड लागलं. आज शेल्फवर चौदा कस्टम उभ्या आहेत. पंधरावी खोक्यातच आहे आणि ती मी कोणाला दाखवत नाही, पण तुम्हाला सांगते.

ती माझी पहिली. आमच्या फाटकाला लावून उरलेला निळा ऑइल पेंट डब्यात होता. फाटक एका दिवसात वाळलं होतं, तेव्हा वीतभर पोनीला कितीसा वेळ लागणार, असा माझा हिशोब. रंग काय सुरेख बसला! लखलखीत. मे महिना होता, म्हणजे आमच्याकडे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. दोन दिवसांनी बोट लावलं तर चिकट. पाच दिवसांनी चिकट. सासूबाई म्हणाल्या, "पंख्याखाली ठेव गं." ठेवली. ह्यांनी गच्चीत उन्हात ठेवली, तर आणखीच पाघळली. पावसाळा गेला, दिवाळीची साफसफाई निघाली, तेव्हा ती उचलली तर खाली घातलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा खुरांना चिकटून आला आणि त्यावरची अक्षरं उलटी होऊन पोटावर उमटली. माझ्या अंगठ्याचा ठसाही बसला, आधार कार्डाला चालेल इतका स्वच्छ. त्याला आता काही वर्षं झाली. अजून चिकट आहे.

कारण मला फार उशिरा कळलं. पोनीचं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. मुळात ते कडक, आपल्या नळाचे पाइप त्याचेच. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखा एक द्रव मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हा द्रव प्लास्टिकला कायमचा बांधलेला नसतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो, आणि वर ऑइल पेंट असला की त्यात शिरून त्याला कडक होऊच देत नाही. १९८१ साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने या घराण्यातली पहिली घोडी काढली तेव्हा तिचं नाव 'माय प्रिटी पोनी' होतं आणि ती मोठी, कडक प्लास्टिकची होती. मागाहून आलेल्या लहान, मऊ, केस विंचरता येणाऱ्या पोनींनी बाजार जिंकला. ज्या मऊपणावर पोरी भाळल्या, तोच आपल्या मुळावर येतो.

तेव्हा रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच घ्या. आमच्याकडे खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून सहज मिळतो, तुमच्याकडेही मिळेल. त्याआधी पोनी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात खसखसून धुवा. नव्या पोनीवरही साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर असू शकतो. आणि स्वतःचे हात धुवा. मी एकदा मुलीच्या डोक्याला तेल लावून, वेणी घालून तशीच रंगवायला बसले. अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसा रंग पोनीच्या पाठीवरून ओघळला.

रंग दुधासारखा पातळ हवा. नवखी माणसं तो साईसारखा थापतात, मीही थापला. मग ब्रशचे ओरखडे दिसतात आणि पायाच्या वाकणात थर तडकतो. पातळ थर, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. चार-पाच थर लागले तरी घाबरू नका. पिवळा मात्र लबाड आहे. गडद अंगावर पिवळ्याचे आठ थर दिले तरी खालचा रंग डोकावतोच, म्हणून त्याखाली आधी पांढरा द्या.

दुसऱ्या पोनीचं अंग चांगलं जमलं. पापण्यांसाठी एवढा बारीक ब्रश कोण चालवणार, म्हणून काळा परमनंट मार्कर घेतला. नक्षीदार पापण्या काढल्या, नणंदेला फोटो पाठवला, कौतुक करून घेतलं. चारेक महिन्यांनी बघते तर प्रत्येक रेघेभोवती जांभळी छटा पसरलेली. मार्करची शाई मऊ प्लास्टिकमध्ये मुरते आणि आतल्या आत पसरत जाते. पोनी रात्रभर रडून सकाळी दाराशी उभी राहिल्यासारखी दिसत होती. वरून पांढरा दिला, तर जांभळा त्यातूनही वर आला. अशाच कारणाने रंगवलेली पोनी गडद कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. त्यांचा रंगही ती पिते.

डोळ्यांबद्दल एवढंच: एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्हीकडे आधी पांढरं, मग दोन्हीकडे बुबुळ, मग दोन्हीकडे चमक, असं बरोबरीने चला. नाहीतर दुसरा डोळा पहिल्याची नक्कल करता करता तिरळा होतो. मूळचे डोळे किंवा कुल्ल्यावरचं चिन्ह पुसायला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन चालतं, पण कानकाडीवर थेंबभर घेऊन, पुसून लगेच ओल्या फडक्याने टिपायचं. मी कापसाचा बोळा भिजवून गालावर ठेवला आणि कुकरची शिटी झाली म्हणून स्वयंपाकघरात गेले. ॲसिटोन पीव्हीसीलाही मऊ पाडून बिघडवतं. परत आले तेव्हा गालाला खळी पडली होती, ती गोंडस वगैरे नव्हती. ॲसिटोन वापरताना खिडकी उघडी हवी आणि गॅसची शेगडी लांब हवी, हे वेगळं सांगायला नको.

आता केस. तुमचा खरा कस इथे लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केस बदलायचे तर डोकं काढावं लागतं, कारण गाठी आतून बसवायच्या असतात. मी ते थंड असतानाच पिळून ओढलं. मानेची कड फाटली. खरी रीत अशी: पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि पोनी मानेपर्यंत त्यात धरायची. प्लास्टिक मऊ पडलं की मानेच्या सांध्यात बोथट सुरी फिरवून आतला गोंद सोडवायचा आणि डोकं हलकेच डोलवत काढायचं. घाई केली की फाटतं. एका खेपेला निघालं नाही तर पुन्हा गरम करा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. मी एक जुनं दुधाचं पातेलं त्यासाठीच बाजूला काढलंय, आणि सासूबाईंनी त्यावर खिळ्याने 'घोडी' असं कोरून ठेवलंय.

जुने केस बाहेरून कापायचे आणि आतले बुंधे चिमट्याने उपटायचे. आत गोंद असतो, कंटाळवाणं काम आहे, टीव्ही लावून बसा. मग नवे केस. इथे मला वाटलं मी फार शहाणी: राजवाड्यापाशी गंगावन किती स्वस्त मिळतं! आणलं, दोन रात्री जागून तिसऱ्या पोनीला बसवलं, आणि केस सरळ व्हावेत म्हणून वरून उकळतं पाणी ओतलं. सगळं आखडून काथ्यासारखं झालं. सगळे कृत्रिम केस एका धाग्याचे नसतात. नायलॉनला गरम पाण्याने वळण देता येतं. कागदाच्या सुरळीवर गुंडाळून गरम पाणी ओता, लगेच थंड पाण्यात धरा, कुरळे टिकतात. दुसरा एखादा धागा त्याच पाण्यात कायमचा बिघडतो. म्हणून कुठलेही केस आणा, आधी चार धागे कापून गरम पाण्यात बुडवून बघा, मगच जागरण करा.

बसवताना थोड्या केसांची बट घ्यायची, एका टोकाला घट्ट गाठ मारायची, लांब सुईने डोक्याच्या आतून भोकातून बाहेर ओढायची. गाठ आत अडकते. सगळ्या बटा झाल्या की आतून गोंदाचा थर. इथली नवखी चूक म्हणजे बट जाड घेणं. भोक फाटतं आणि आयाळ खराट्यासारखी उभी राहते. उलट फार बारीक घेतली तर टाळू दिसतो. गंगावन उपटून टाकल्यावर माझी तिसरी पोनी टकलीच राहिली, कारण तिची निम्मी भोकं एकमेकांत मिसळली होती. मुलगी म्हणाली, "आई, हिची मुंज झाली असं समज."

पुट्टी लावून पंख, शिंगं, फुलं करायचा मोह होईलच. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं, दोन्ही भाग नीट मळून घ्या, ओल्या बोटाने गुळगुळीत करा. पण मऊ प्लास्टिक दाबलं की वाकतं, पुट्टी वाकत नाही, आणि टपकन सुटून येते. म्हणून खालचा भाग आधी खरवडायचा, आणि पंखासारख्या गोष्टीला तारेचा सांगाडा अंगात रोवूनच वर पुट्टी चढवायची. हे मला एका चामड्याची खेळणी करणाऱ्या कारागिराने शिकवलं. इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. हत्ती, घोडे, हरणं, सगळी आत सांगाडा घालून उभी केलेली असतात आणि चामडं सर्वांत वर. मी त्यांना माझी पंखवाली पोनी दाखवायला नेली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, ती तोंडावर पडली. त्यांनी पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. मग म्हणाले, "मॅडम, पहले जानवर को खड़ा तो करो, सजाना बाद में।" तेव्हापासून मी पुट्टीचा प्रत्येक गोळा लावायच्या आधी पोनी टेबलावर उभी करून बघते. पंख जड झाले तर मागच्या पायांत आतून थोडी पुट्टी भरते.

वॉर्निश ब्रशने लावायचं, पाण्याचंच, मॅट. चकाकी फक्त डोळ्यांना. स्प्रेचं वॉर्निश मऊ पीव्हीसीवर बऱ्याचदा ऑइल पेंटसारखंच चिकट राहतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर त्यावर पांढुरकी धूरकट साय येते. सगळी करामत झाल्यावर अशी माती होणं फार जिव्हारी लागतं.

भाचीच्या पोनी म्हणताय म्हणून विचारते, ती केवढी आहे? मी माझ्या चार वर्षांच्या पुतणीला एक कस्टम दिली होती. तिने त्याच संध्याकाळी तिला बादलीत आंघोळ घातली आणि कान चघळला. रंग तर गेलाच, वर मी रात्रभर डब्यामागचं बारीक छापलेलं वाचत बसले. कस्टम ही कपाटात ठेवायची वस्तू आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका. भाचीला तिच्या दोन्ही पोनी परत हव्या असतील तर रद्दीवाल्याकडून किंवा जुन्या बाजारातून एखादी शाई सांडलेली, केस कापलेली पोनी आणा. कस्टमवाले तिला 'बेट' म्हणतात, गळाला लावायच्या आमिषातलं बेट. तिचं वाटोळं झालं तरी कोणाला वाईट वाटत नाही.

आणि मावशीची पोनी. खूर उलटे करून बघा, तिथे कंपनीचं नाव आणि साल असेल. ते साल साच्याच्या हक्काचं असतं, पोनी त्याच वर्षी बनली असं नाही. अंग गुबगुबीत आणि डोळे त्या मानाने लहान असतील, तर ती बहुधा १९८०-९० च्या काळातल्या पहिल्या पिढीची. २०१० पासूनच्या पोनी सडपातळ आणि टपोऱ्या डोळ्यांच्या आहेत, फरक लगेच कळतो. पहिल्या पिढीतली धड अवस्थेतली पोनी संग्राहक जशी आहे तशीच मागतात, आपण रंगवली की ती किंमत गेली. या जुन्या पोनींपैकी बऱ्याच जणींच्या शेपटीच्या बुंध्याशी, अंगाच्या आत, लोखंडी वॉशर असतो. तो गंजला की तपकिरी डाग शेपटीवर आणि कुल्ल्यावर उतरतो. म्हणून तिला पाण्यात बुडवू नका. अंग ओल्या फडक्याने साबण लावून पुसा. केस धुताना डोकं खाली धरा, पाणी मानेत आणि शेपटीच्या भोकात जाऊ देऊ नका. थोडं कंडिशनर लावून टोकांकडून वर, रुंद दातांच्या फणीने सोडवा, आणि सावलीत वाळवा. एवढ्याने ती किती बदलते ते बघाच. माझ्याकडे एका ओळखीच्या बाईंनी अशीच एक धुवायला आणून दिली होती. वाळल्यावर त्यांनी ती ओळखलीच नाही, म्हणाल्या, "अहो, ही गुलाबी होती होय?"