क्लासचं नंतर बघू, आधी पूर्ण बॅकअप घ्या

तुमचे प्रश्न तीन. चार वर्षं ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये काढली, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बऱ्यापैकी येतं, आता डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) व्हायचंय तर सत्तर हजारांचा क्लास लावावा का? ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसपैकी कोणतं करावं? आणि क्लाउड आल्यावर हे काम उरलंय तरी का? उत्तरं देतो. पण मधेच, जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय : "परवा प्रॉडक्शनची डिस्क भरली होती, मी जुन्या आर्काइव्ह लॉगच्या फायली उडवल्या, पाच मिनिटांत सिस्टम चालू, लीड एकदम खूश." ते वाक्य मी तीनदा वाचलं. प्रॉडक्शन म्हणजे लोक रोज वापरतात ती खरी सिस्टम, आणि आर्काइव्ह लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या फायली.

परवापासून आजपर्यंत त्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप झाला नसेल, तर हे वाचणं इथेच सोडा आणि आधी तो घ्या. लीडला सांगून घ्या. बाकीचं रात्री वाचलं तरी चालेल.

झाला असेल तर आता माझं ऐका. २०११ साल. मी ज्या कंपनीत होतो ती चाकणकडच्या एका कारखान्याचं ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सांभाळायची. खाली ओरॅकल. दर रविवारी पूर्ण बॅकअप आणि रोज रात्री फक्त आर्काइव्ह लॉगचा. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजायला लागले, कुणालाच लॉगिन होईना. एरर ओआरए-००२५७. आर्काइव्ह जिथे पडायचे तो माउंट (डिस्कचा भाग) शंभर टक्के भरलेला. माझ्याकडे क्लासचं सर्टिफिकेट होतं, सीनियर रजेवर होते आणि फोनवर पलीकडून प्लँटचे मॅनेजर ओरडत होते. मी आरएम, म्हणजे फायली उडवायची कमांड, मारला. सगळ्या फायली साफ. दोन मिनिटांत लोक आत. शिफ्ट संपताना हँडओव्हरच्या मेलमध्ये मी लिहिलं, "स्पेस इश्यू रिझॉल्व्ह्ड." बस, एवढंच.

सपोर्टमधून आलेल्या माणसाच्या डोक्यात 'लॉग' म्हणजे कचरा असतो. ॲप्लिकेशनचे लॉग आपण रोज उडवतो, कुणी विचारत नाही. आर्काइव्ह लॉग तसले नव्हेत. ती रोजकीर्द आहे. रविवारचा बॅकअप म्हणजे रविवारचा ताळेबंद, पुढची प्रत्येक नोंद या फायलींत, क्रमाने. मधलं एक पान फाडलं की पुढची पानं असून नसल्यासारखी. पोस्टग्रेसवाल्यांना तर याचा इतका ताप झाला होता की विचारू नका. त्यांच्याकडे त्या फोल्डरचं नाव होतं पीजी_एक्सलॉग. नावात लॉग दिसला की लोक साफसफाई करायचे. शेवटी २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, नाव बदलून पीजी_वॉल केलं. म्हणजे वेडे आपण दोघंच नाही.

शुक्रवारी पहाटे स्टोअरेजमध्ये बिघाड होऊन एक डेटाफाइल गेली. घाबरायचं कारण नव्हतं, बॅकअप होता. सीनियरनी रविवारची फाइल रिस्टोअर केली (बॅकअपमधून परत आणली), रिकव्हरी लावली (पुढच्या नोंदी चढवायला घेतल्या), सोमवार रात्रीपर्यंत सरसर गेली आणि एका क्रमांकाशी येऊन थांबली. ती फाइल द्या म्हणे. फाइल कुठून देणार, ती मी मंगळवारी उडवलेली. सीनियर टेप शोधत बसले, त्यांना वाटलं बॅकअप दुसरीकडे पडला असेल. मी शेजारी बसून शोधल्यासारखं करत होतो. हे लिहायला आजही बरं वाटत नाही, पण अर्धा तास मी तोंड उघडलं नाही.

अख्खा डेटाबेस सोमवार रात्रीवर आणून उघडावा लागला. मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. कारखान्याने दोन क्लार्क बसवले आणि चलनं, गेटपास, माल आल्याच्या पावत्या असं सगळं कागदावरून परत भरलं. मलाही पाठवलं होतं मदतीला. स्टोअरमधले एक काका एकेक चलन नंबर मोठ्याने वाचायचे आणि दर दहा-बारा चलनांनंतर थांबून म्हणायचे, "साहेब, हे मी बुधवारी भरलं होतं हो." रागाने नाही, नुसतं सांगायचे. ओरडले असते तर परवडलं असतं.

आता खरी चूक कुठली ते बघा. मी फायली उडवल्या ही चूकच, पण तिथे दोर तुटला नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच नवा पूर्ण बॅकअप घेतला असता, तर भोक त्या बॅकअपच्या मागे राहिलं असतं आणि शुक्रवारी काहीच गेलं नसतं. रोज रात्री लेव्हल १ चा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप) असता तरी वाचलो असतो. घात केला तो न सांगण्याने. "फायली डिलीट केल्या" एवढं हँडओव्हरमध्ये लिहिलं असतं, तर सीनियरनी रजेवरून फोन करून मला झापलं असतं आणि बॅकअप घ्यायला लावला असता.

आणि यंत्र गप्प नव्हतं, बरं का. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही रात्री आरमॅनचा (ओरॅकलचं बॅकअप घेणारं साधन) मेल आला होता : आरमॅन-०६०५९, अपेक्षित आर्काइव्ह लॉग सापडत नाही, त्यामुळे डेटा परत आणण्याची खात्री उरत नाही. मेल गेला ग्रुप आयडीवर. ग्रुपचे मेल आम्ही सगळ्यांनी रूल लावून एका फोल्डरात टाकलेले. माझ्या फोल्डरात अकराशेच्या वर न वाचलेले मेल होते. तुमच्याकडे ही एरर येत असेल आणि कुणी म्हणालं "क्रॉसचेक मार, जाते", तर थांबा. क्रॉसचेक म्हणजे यादीतल्या पण डिस्कवर नसलेल्या फायलींवर 'गेली' अशी खूण करणं. त्याने एरर यायची बंद होते, भोक तिथेच राहतं.

कंपनीने यातून काय शिकावं? डिस्कवरची एक फाइल उडवायलाही तीन मॅनेजरांची मंजुरी, असा फॉर्म काढला. रात्री दोनला डिस्क भरली तर तिघांना उठवायचं. पण महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघायला एक जुना सर्व्हर द्या म्हटलं, तर "बजेटमध्ये नाही". दीड वर्ष मी मागत होतो. सोडलं मी ते ऑफिस, जाऊ दे.

म्हणून क्लासबद्दल माझं मत पूर्वग्रहदूषित आहे, ते तसंच वाचा. माझ्या क्लासात बारा दिवस इन्स्टॉलेशन, मग यूजर बनवा, टेबलस्पेस बनवा, आणि बॅकअप-रिकव्हरीला एक शनिवार. त्यात सरांनी बॅकअप घेऊन दाखवला, 'सक्सेसफुल' आलं, टाळ्या. रिस्टोअर वेळेअभावी राहिलं. परीक्षेसाठी प्रश्नांचे डम्प पाठ करून घेतले. सर्टिफिकेट अगदीच टाकाऊ नाही, एचआरच्या चाळणीतून बायोडेटा पुढे सरकतो. पण सत्तर हजार भरण्याआधी त्यांना एकच विचारा : रिस्टोअर आम्ही स्वतःच्या हाताने किती वेळा करणार? आकडा सांगताना अडखळले तर पैसे ठेवा खिशात. प्लेसमेंटच्या गप्पांवर मी बोलत नाही.

घरी काय करायचं ते सांगतो. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस. ओरॅकलची फ्री आवृत्तीही चालेल, बारा जीबी डेटाची मर्यादा आहे, शिकायला रग्गड. रात्रभर डेटा घालणारी एक स्क्रिप्ट सोडा आणि बॅकअप लावा. मग स्वतःच घात करा. मी बायकोला लॅपटॉप देऊन सांगायचो, या फोल्डरातली कुठलीही एक फाइल उडव, कुठली ते सांगू नकोस. ती भलत्याच आनंदाने उडवायची. मग घड्याळ लावून मी बसायचो. पहिल्यांदा अख्खा रविवार गेला, जेवायला बोलावलं तरी उठलो नाही. कंट्रोल फाइल (डेटाबेसच्या फायलींची यादी ठेवणारी) गेली की वेगळं, रीडू लॉग (ताज्या बदलांची चालू नोंद) गेला की वेगळं, हे त्याच रविवारांनी शिकवलं.

ओरॅकल की पोस्टग्रेस? बँका, मोठे कारखाने, सरकारी कामं यांत ओरॅकल अजून ठाण मांडून आहे. नव्या कंपन्या लायसन्सचा खर्च टाळून पोस्टग्रेसकडे वळतात. तुम्ही आत्ता ज्यावर सपोर्ट करता ते आधी करा. खरी डिस्क भरलेली बघायला मिळते, ती कुठल्या क्लासात मिळणार?

क्लाउडने बॅकअपचं बटण दिलं, जबाबदारी घेतली नाही. ॲमेझॉनच्या आरडीएसवर (भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड डेटाबेसवर) मागच्या एखाद्या वेळेला रिस्टोअर केलं, तर जुना डेटाबेस जागच्या जागी दुरुस्त होत नाही, नवीन इन्स्टन्स (वेगळा डेटाबेस सर्व्हर) उभा राहतो, नव्या पत्त्यावर. ॲप्लिकेशनला तो पत्ता कोण आणि किती वेळात देणार, हे ठरलेलं नसेल तर काय उपयोग? क्लाउडवाल्यांनी गिटलॅबचा (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साइट) ३१ जानेवारी २०१७ चा प्रकार जरूर वाचावा, त्यांनी स्वतःच सगळं उघड लिहिलंय. चुकून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी उडली. रोजचा डम्प (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता आणि तो होत नाही हे सांगणारे मेल पोहोचत नव्हते. मेल पुन्हा! योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं.

एक अवांतर, सरकारी किंवा सहकारी संस्थांच्या कामात गेलात तर लागेल. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. ओरॅकलमध्ये कॉलम व्हारकॅर२(३०), म्हणजे तीसपर्यंत मजकूर मावणारा, केला आणि मोजमाप बाइटमध्ये राहिलं, तर 'ज्ञानेश्वर' बरोबर तीस बाइटांत बसतो आणि 'ज्ञानेश्वरी'ला ओआरए-१२८९९ (मजकूर कॉलमपेक्षा मोठा) ही एरर येते. टेबल बनवतानाच मोजमाप कॅरेक्टरमध्ये ठेवा. मी हे एका पतसंस्थेच्या डेटाबेसवर, अर्ध्या सभासदांची नावं भरून झाल्यावर शिकलो.

हल्ली मी जास्त करून पोस्टग्रेसवर असतो, ओरॅकलच्या नव्या आवृत्त्यांबद्दल चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करावं. इथलं वाचून प्रॉडक्शनवर थेट काही करू नका, हेही सांगून ठेवतो. आणि बॅकअप झाला का, लीड काय म्हणाला, तेवढं इथे कळवा.