सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं, सभासदत्वातून नव्हे

प्रश्न : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल कोटेशनपेक्षा जास्त कसं झालं, असं मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. सेक्रेटरींनी मेसेज डिलीट केला आणि मलाच ग्रुपमधून काढलं. कारणही सांगत नाहीत. सभेच्या नोटिसा आता फक्त ग्रुपवर येतात. हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नाही का?

उत्तर : हिशेब विचारणाऱ्याचं तोंड बंद करणं चूकच आहे, आणि तुम्ही गप्प बसू नये असंच मी सांगेन. मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा लावू नका. राज्यघटनेच्या कलम 19 मधला हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचा असतो. खासगी ग्रुपच्या ॲडमिनविरुद्ध तो टिकणं कठीण. सदस्य जोडणं आणि काढणं हा ॲडमिनचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही 2021 मध्ये, वेगळ्या संदर्भात का होईना, नोंदवला आहे.

तुमची बळकट बाजू सहकार कायद्यात आहे. संस्थेतून सभासदाला काढायचं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं, वर सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी लागते. यातलं काहीच झालेलं नाही, म्हणजे तुमचे सगळे हक्क शाबूत आहेत. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला 14 पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे. ज्या ग्रुपमध्ये तुम्ही नाहीच, तिथे टाकलेली नोटीस तुम्हाला मिळाली असं सेक्रेटरी कसं म्हणणार? हाच मुद्दा धरा.

लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. नोटिसा लेखी मिळाव्यात ही पहिली मागणी. बिलं दाखवायला खळखळ होईल, म्हणून आधी सभांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागा. ते पाहण्याचा हक्क कायद्यातच आहे, आणि कामाला कितीची मंजुरी होती ते इतिवृत्तातच सापडेल. दाद लागली नाही तर हीच पोच जोडून उपनिबंधकांकडे तक्रार करा.

तोवर ‘सेक्रेटरींनी पैसे खाल्ले’ असं कुठेही लिहू नका. पुरावा हाती नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार तुमच्यावरच होईल. डिलीट झालेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट कुणा शेजाऱ्याकडे असेल तर मागून ठेवा.

पुढच्या सभेसाठी ग्रुपच्या नियमांचा विषयही लेखी द्या : काढण्याआधी कारण कळवावं, समितीबाहेरचा एक ॲडमिन असावा, आणि प्रत्येक नोटीस फलकावरही लागावी.