पॅरेंट क्लासकडे काय पाठवावे आणि काय राखावे?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून पुण्यातील शहर बससेवेच्या वेळापत्रकावर पायथनमध्ये प्रकल्प करत आहे. ‘वाहन’ या पॅरेंट क्लासच्या (ज्यापासून इतर क्लास बनतात त्या मूळ क्लासच्या) कन्स्ट्रक्टरला, म्हणजे नवी वस्तू तयार होताना चालणाऱ्या फंक्शनला, क्रमांक आणि आसनसंख्या लागते; त्यापासून बनलेल्या ‘बस’ या चाइल्ड क्लासला त्याशिवाय मार्गही लागतो. ‘वाहन’मध्ये इंधन हा पॅरामीटर वाढवताच सगळे चाइल्ड क्लास बदलावे लागले. एक तारा (*) आणि दोन तारे (**) वापरून चाइल्ड क्लासच्या कन्स्ट्रक्टरला आलेले सगळे तसेच वर पाठवले तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : चालेल, पण सगळे तसेच पाठवू नका. एक तारा आलेल्या किमती (व्हॅल्यू) क्रमाने टपल या न बदलणाऱ्या यादीत जमा करतो, तर दोन तारे त्या नावांसह डिक्शनरीत ठेवतात, आणि धोका पहिल्यात आहे. उद्या कोणी ‘वाहन’मध्ये क्रमांक व आसनसंख्या यांची अदलाबदल केली, तर कोणतीही त्रुटी न दिसता 42 आसनांच्या बसचा क्रमांकच 42 होऊन बसेल. म्हणून ‘बस’च्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेल्फनंतर (तयार होणारी वस्तू दाखवणाऱ्या पहिल्या पॅरामीटरनंतर) नुसता तारा, मग मार्ग आणि शेवटी दोन ताऱ्यांसह ‘इतर’ असे लिहा; पायथन 3 मध्ये यामुळे प्रत्येक किंमत नावानेच द्यावी लागते. मार्ग स्वतःकडे ठेवा आणि ‘इतर’ दोन ताऱ्यांनी उलगडून सुपरमार्फत, म्हणजे वरच्या क्लासला हाक देणाऱ्या फंक्शनमार्फत, वर द्या.

मात्र ‘वाहन’ने स्वतः दोन तारे घेऊन उरलेले पुढे पाठवलेच नाही, तर आसनसंख्येच्या नावातील टंकनदोष तिथेच गिळला जाईल आणि डिफॉल्ट (काही न दिल्यास धरली जाणारी) संख्या मुकाट्याने वापरली जाईल. याउलट उरलेले पुढे गेले, तर सर्वांत वरच्या ‘ऑब्जेक्ट’ या पायथनच्या मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर ते स्वीकारत नाही आणि टाइपएरर ही त्रुटी येते. ती त्रुटी दाबू नका, तीच तुमची राखण आहे.

या पद्धतीची खरी गरज एकाहून अधिक पॅरेंट असताना पडते, कारण सुपर नेहमी पॅरेंटकडेच जातो असे नाही. तो प्रत्यक्ष तयार झालेल्या वस्तूच्या क्लासच्या वंशक्रमातील (क्लास कोणत्या क्रमाने शोधायचे त्या यादीतील) पुढच्या क्लासकडे जातो. हा क्रम पायथन 2.3 पासून, म्हणजे 2003 पासून, सी-3 नावाच्या क्रम लावण्याच्या पद्धतीने ठरतो. ‘बस’बरोबर ‘जीपीएस’ हा क्लासही जोडला, तर पुढे कोण येणार हे ‘बस’ लिहिताना सांगता येत नाही.

तुमच्याकडे सध्या पॅरेंट एकच आहे, त्यामुळे मी तरी तारे न वापरता नावे स्पष्ट लिहीन. वाचणाऱ्याला आणि एडिटरलाही काय अपेक्षित आहे ते दिसते. इंधन शेवटी ठेवून त्याला डिफॉल्ट किंमत दिली असती, तर ज्या क्लासचे इंधन वेगळे आहे तेवढेच क्लास बदलावे लागले असते.