तीन खासदारांच्या पक्षावर पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. प्रोजेक्टसाठी तिने फिजीतला 'सोडेल्पा' नावाचा पक्ष घेतला. आता म्हणते, पुढेही हेच करायचं. देश एवढासा, पक्ष त्याहून एवढासा! बीएडला घालू का? – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. बीएडचा फॉर्म दोन दिवस बाजूला ठेवा आणि तिच्याकडून डिसेंबर २०२२ची गोष्ट ऐका. फिजीच्या ५५ जागांपैकी सत्ताधारी फिजीफर्स्ट पक्षाला २६, विरोधी नेते सितिवेनी राबुका यांचा पक्ष आणि त्यांचा मित्रपक्ष मिळून २६. संसदेत येण्यासाठीची पाच टक्के मतांची अट जेमतेम पार करून सोडेल्पाचे तिघे आलेले. ते जातील तिकडे सरकार. पक्षाच्या मंडळाने १६ विरुद्ध १४ असा कौल दिला, त्यावर वाद झाला, पुन्हा मतदान घेतलं तर १३ विरुद्ध १२. दोन्ही वेळा राबुकांच्या बाजूने. गंमत म्हणजे हे राबुका पूर्वी याच पक्षाचे नेते होते. शेवटी २४ तारखेला संसदेत ते २८ विरुद्ध २७ मतांनी पंतप्रधान झाले.

इथे तिला थांबवा. २६ आणि ३ म्हणजे २९ व्हायला हवेत ना? हे तिने आपणहून टिपलं असेल तर पोरीला या कामाची नजर आहे. नुसते आकडे पाठ असतील तर बीएडचं बघू.

आता पोटाचं. सोडेल्पाचा जाणकार हवा, अशी जाहिरात आपल्याकडे कधी निघायची नाही. पण सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जेएनयूत आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करता येतं. तिथे इंडो-पॅसिफिकचं, म्हणजे हिंद-प्रशांत महासागर क्षेत्राचं, स्वतंत्र केंद्र आहे. पुढे नेट, पीएचडी, प्राध्यापकी किंवा संशोधन संस्था. वाट लांब आहे, तिशीपर्यंत कमाई बेताचीच राहील. घरची तेवढी तयारी हवी. यूपीएससी द्यायची झाली तर याच विषयाचा वैकल्पिक पेपर आहे, म्हणजे अभ्यास वाया जात नाही.

एक मात्र तिला आत्ताच सांगा. फिजीतल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर तिकडे नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांची हिंदी तिला थोडीफार कळेल, म्हणून ती निर्धास्त असेल. सोडेल्पाचा मतदार मुख्यतः मूळनिवासी ई-तौकेई. त्यांची भाषा वेगळी. ती शिकायची तयारी आहे का, हे विचारा आणि मग मला पुन्हा लिहा.